कांडी कोळसा: वाद धुराचा, प्रश्न वाहतुकीचा

पिकांच्या अवशेषांपासून घन इंधनाच्या कांड्या तयार करण्याचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एका बाजूला उत्साही मंडळी असतात. त्यांच्या मते शेतात जाळला जाणारा काडीकचरा म्हणजे वाया चाललेला कोळसा. यंत्रे बसवली की धूर थांबेल, खाणींवरचा भार हलका होईल, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतील आणि हवामानबदलाच्या संकटावरही थोडाफार उतारा सापडेल. दुसऱ्या बाजूला तितकेच ठाम विरोधक असतात. त्यांच्या मते हा जमिनीच्या तोंडचा घास काढून घेण्याचा प्रकार आहे, आणि जाळणे ते जाळणेच, मग ते शेतात असो की बॉयलरमध्ये. दोन्हीकडचे युक्तिवाद ऐकताना एक गोष्ट खटकत राहते. कोणता अवशेष, तो कोठे पडला आहे आणि शेवटी कोणत्या भट्टीत जाणार आहे, हे तीन प्रश्न कोणी विचारतच नाही. तांदळाचे तूस आणि भाताचा पेंढा, भुईमुगाची टरफले आणि गव्हाचे काड, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, सगळे ‘कृषी अवशेष’ या एकाच पोत्यात कोंबले जाते आणि मग त्या पोत्याच्या बाजूने किंवा विरोधात भांडण सुरू होते.

माझे म्हणणे असे आहे की कांडी कोळसा, म्हणजे अवशेष दाबून केलेल्या या कांड्या, हे मुळात वाहतूक आणि साठवणूक यांच्या अडचणीवरचे उत्तर आहे. जिथे अवशेष एका जागी आपोआप गोळा होतो, बऱ्यापैकी कोरडा असतो, त्याला दुसरा मोठा उपयोग नसतो आणि जळण लागणारी भट्टी मात्र दूर असते, तिथे हा उद्योग चांगला आहे आणि त्याला पाठबळ मिळायला हवे. शेतातला धूर, जमिनीचा कस, शेतकऱ्याचे उत्पन्न आणि घरातली चूल हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्यावरचा रामबाण उपाय म्हणून दाबयंत्राकडे पाहिले की धोरण फसते, आणि धोरण फसले की दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. अवशेष बारीक करून, त्याचा ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणून, तो साच्यातून प्रचंड दाबाने रेटला की घर्षणाने तापतो. वनस्पतीच्या पेशीभित्तीतले लिग्निन त्या उष्णतेत मऊ पडते, कण एकमेकांत रुतून बसतात आणि थंड झाल्यावर तेच लिग्निन त्यांना धरून ठेवते. त्यामुळे वेगळा डिंक घालावा लागत नाही. रॅमच्या, म्हणजे पुढेमागे ठोके देणाऱ्या दट्ट्याच्या, यंत्रात प्रत्येक ठोक्याला एक चकती आधीच्या चकतीला चिकटत जाते आणि साच्याच्या तोंडातून अखंड कांडी सरकत बाहेर येते. स्क्रूच्या यंत्रात साचा बाहेरून तापवलेला असतो. तिथे कांडीचा वरचा थर करपून काळसर होतो आणि मधोमध आरपार भोक राहते, ज्यातून जळताना हवा खेळते. ओलावा थोडा जास्त झाला की आत कोंडलेली वाफ कांडीला तडे पाडते, कधी मोठा आवाज होऊन माल उलटा फेकला जातो. ओलावा फारच कमी झाला तर कांडी धरत नाही. तुसातली सिलिका, म्हणजे वाळूसारखा कठीण पदार्थ, तर स्क्रूचे टोक काही तासांत झिजवते, आणि ते उतरवून त्यावर कठीण धातूचे वेल्डिंग चढवणे हे अशा कारखान्यातले नेहमीचेच काम होऊन बसते. एवढ्या खटाटोपात अवशेषाच्या मूळ उष्णतेत भर किती पडते? काहीच नाही. वाळवताना पाणी उडाले त्याचा फायदा तेवढा मिळतो. दाबण्याने एक ज्यूलही वाढत नाही.

भर पडते ती घनतेत. मोकळा पेंढा घनमीटरला साधारण ४० ते ८० किलो भरतो. कांडीची स्वतःची घनता घनमीटरला १,००० ते १,२०० किलो असते आणि कांड्यांचा ढीग केला तरी ती ६०० किलोच्या आसपास राहते. ६० घनमीटरचा हौदा आणि २५ टन वहनक्षमता असलेल्या ट्रकमध्ये मोकळा पेंढा जेमतेम साडेतीन टन मावतो. कांड्या भरल्या तर हौदा पुरता भरायच्या आत वजनाची मर्यादा गाठली जाते. सात फेऱ्यांचा माल एका फेरीत जातो. त्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा फार नाही. दाबयंत्राला टनामागे ५० ते ६० युनिट वीज लागते असे मानले आणि बारीक करणे, हाताळणे धरून ती दुप्पट केली, तरी एका टन कांडीत सुमारे १६,००० मेगाज्यूल, म्हणजे ४,४०० युनिटांच्या तोडीची उष्णता असते. वीज कोळशावर तयार झालेली असेल तर तिच्यामागे जवळपास तिप्पट उष्णता आधीच खर्च झालेली असते. तेही जमेस धरले तरी हिशेब तोट्यात जात नाही. हिशेब बिघडतो तो पाण्यापाशी. निम्मे पाणी असलेल्या मालापासून दहा टक्के ओलाव्याची एक टन कांडी करायची तर १,८०० किलो माल आणून त्यातले ८०० किलो पाणी उडवावे लागते. व्यवहारातल्या वाळवणी यंत्रात किलोमागे साडेतीन मेगाज्यूल धरले तर कांडीतल्या उष्णतेचा सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग वाळवण्यातच जातो. माल ३० टक्के ओला असेल तर हाच खर्च सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि उन्हात वाळलेला असेल तर जवळजवळ उरत नाही. कोणत्या मालाची कांडी करावी याचा निर्णय त्यामुळे ओलावा मोजणाऱ्या छोट्याशा मीटरवर होतो. पर्यावरणाच्या घोषणांचा त्याच्याशी संबंध नाही.

या तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत विल्यम स्मिथ यांना १८८० साली अशा घट्ट इंधनाचे पेटंट मिळाले, ते लाकूडकटाईच्या गिरणीतला भुसा गरम करून वाफेच्या हातोड्याने ठोकण्याच्या पद्धतीसाठी. स्क्रूने भुसा दाबून काढण्याचे तंत्र जपानमध्ये १९४५ साली आकाराला आले. १९६९ पर्यंत तिथे ‘ओगालाइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कांड्यांचे ६३८ कारखाने उभे होते आणि त्यांचे वर्षाचे उत्पादन आठ लाख टनांच्या घरात होते. दोन्ही उदाहरणांत कच्चा माल गिरणीच्या आवारात आयता पडलेला होता. लाकूड कापायला आणले होते. भुशाचा ढीग ही त्या धंद्याची अडचण होती आणि तो हलवायला वेगळी यंत्रणा उभी करावी लागत नव्हती. भातगिरणीतले तूस, शेंगा फोडण्याच्या कारखान्यातली टरफले, कॉफीच्या बियांची साले, मळणीच्या जागी उरलेली मक्याची कणसे ही सारी याच जातीची आहेत. पीक दाण्यासाठी वाहून आणलेच आहे, त्याच्या पाठीवर बसून अवशेषही आला आहे. गोळा करण्याचा खर्च शून्यावर आणणारी ही स्थिती आहे, आणि कांडी कोळशाचे टिकाऊ कारखाने बहुतेक तिच्याच आधाराने उभे राहतात.

त्यातही एक उपवर्ग असा आहे, जिथे कांडी न करणेच शहाणपणाचे. उसाच्या चिपाडांचे पाहा. साखर कारखान्याला वाफ लागते, चिपाड तिथेच पडते, आणि बॉयलरही तिथेच असतो. मॉरिशसमध्ये गाळपाच्या हंगामात साखर कारखाने चिपाड थेट जाळून वाफ आणि वीज दोन्ही काढतात आणि उरलेली वीज देशाच्या जाळ्यात देतात. भात उकडणाऱ्या गिरणीने आपलेच तूस आपल्याच भट्टीत घातले तर मध्ये दाबयंत्र कशाला हवे? माल आणि भट्टी एकाच कुंपणात असतील तर कांडी ही निव्वळ उधळपट्टी ठरते. मधले अंतर वाढत जाते तशी तिची उपयुक्तता वाढते.

आता शेतात पडलेल्या पेंढ्याकडे वळू, कारण खरे रण तिथेच माजते. पंजाब आणि हरयाणात भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडेच मिळतात. त्या दिवसांत पेंढा ओला, विखुरलेला आणि मातीने माखलेला असतो. तो रेकने ओळीत आणायचा, बेलरने गठ्ठे बांधायचे, ट्रॉलीत चढवून डेपोपर्यंत न्यायचे आणि तिथे वर्षभर पावसापासून, आगीपासून आणि गठ्ठ्याच्या पोटात आपोआप वाढणाऱ्या उष्णतेपासून सांभाळायचे. यातले एकही काम दाबयंत्र करत नाही. कांडीच्या कारखान्याला माल पंधरा-वीस दिवसांत घ्यायचा आणि बारा महिने पुरवायचा असतो, म्हणजे यंत्राच्या किमतीइतकाच किंवा त्याहून मोठा प्रश्न गोदामाचा आणि गुंतलेल्या भांडवलाचा असतो. गेल्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यात मक्याच्या ताटांपासून इथेनॉल काढण्याचे दोन मोठे प्रकल्प मोठ्या गाजावाजात उभे राहिले, एक २०१४ मध्ये आणि दुसरा २०१५ मध्ये. २०१९ संपेपर्यंत दोन्हींचे व्यापारी उत्पादन थांबलेले होते. कारणे एकाहून अधिक होती. पण गठ्ठ्यांबरोबर येणारी माती आणि कच्च्या मालाची हाताळणी या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी अशा प्रकल्पांना जेरीस आणले, हे त्या क्षेत्रातले लोक उघडपणे मान्य करतात. तिथे तर बेलर होते, रुंद रस्ते होते, भांडवल होते. ज्या प्रदेशात शेते लहान आणि बांध जवळजवळ आहेत तिथे हे काम सोपे होईल, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

यावर समर्थकांचे उत्तर तयार असते: मग पेंढा जळतच राहू द्यायचा का? हा प्रश्न भावनेला हात घालणारा आहे, पण त्यात एक चोरटे गृहीत आहे. कांडी किंवा आग, याखेरीज तिसरा मार्गच नाही, असे ते गृहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९३ पासून धान्यपिकांचे अवशेष शेतात जाळण्यावर बंदी आली. तण वाढेल, गोगलगायी माजतील, नांगरणीचा खर्च परवडणार नाही, अशी ओरड तेव्हाही झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. तरीही शेतकऱ्यांनी कापणी यंत्राच्या मागे काड बारीक करणारी जोडणी बसवली, काही काड जनावरांच्या अंथरुणासाठी विकले, उरलेले जमिनीत गाडले, आणि जाळण्याची प्रथा संपली. कांडीचे कारखाने त्या बदलामागे नव्हते. पुढे २००० साली केंब्रिजशरमधील ईली शहराजवळ काडावर चालणारे सुमारे ३८ मेगावॉटचे वीज केंद्र सुरू झाले, तेही गठ्ठेच घेते. डेन्मार्कमधील वस्त्यांना गरम पाणी पुरवणारी काडाची केंद्रेही बव्हंशी गठ्ठ्यांवरच चालतात. मोठी भट्टी पन्नास-शंभर किलोमीटरच्या टप्प्यात असेल तर बांधलेला गठ्ठा पुरतो, आणि भट्टी गठ्ठा गिळण्याजोगी बांधलेली असेल तर पुढचे दाबकाम वाचते. शेतातील आग विझवण्यासाठी आधी कापणी यंत्र बदलावे लागते आणि बेलर वेळेवर बांधावर पोहोचावा लागतो. कांडी हा त्या साखळीचा फार पुढचा आणि बहुधा ऐच्छिक दुवा आहे.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा जमिनीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असते. हेक्टरी पाच टन पेंढा दरवर्षी उचलला तर ६० ते ८५ किलो पालाश जमिनीबाहेर जाते. दाण्यातून जाते त्याच्या कितीतरी पट. समर्थक इथे म्हणतात की शेतात जाळल्यानेही हे सारे नष्टच होते. ते अर्धेच खरे आहे. जाळल्यावर नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते, पण पालाश बऱ्याच प्रमाणात राखेतून जमिनीतच राहते. केवळ पालाशाचा हिशेब मांडला तर पेंढा उचलून नेणे हे जाळण्याहूनही वाईट ठरते, आणि कांडी कोळशाच्या प्रचारपत्रकांत ही गोष्ट कधी लिहिलेली आढळत नाही.

इतके मान्य केल्यावरही विरोधकांचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. एक तर हा आक्षेप तूस, टरफले, साले यांना लागूच पडत नाही. ती शेतातून आधीच बाहेर पडलेली असतात आणि गिरणीमागच्या ढिगातून ती शेतात परत नेणारा शेतकरी विरळाच. दुसरे असे की शेतातल्या अवशेषांतही सगळ्याची किंमत सारखी नसते. मुळे आणि धसकटे यांच्यापासून जमिनीत टिकणारा सेंद्रिय कर्ब, वर पसरलेल्या काडापासून बनणाऱ्या कर्बापेक्षा वजनाच्या मानाने अधिक असतो; पृष्ठभागावरच्या काडातला बहुतेक कर्ब जिवाणूंच्या श्वसनातून काही वर्षांत हवेतच जातो. याचा अर्थ काड निरुपयोगी आहे असा नव्हे. उतारावरच्या, हलक्या, कोरडवाहू जमिनीत ते धूप थांबवते आणि ओल धरून ठेवते, आणि तिथून एक काडीही उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण सखल, पाण्याखालच्या, भरघोस पिकाच्या जमिनीत टनावारी पेंढा साचतो, पुढच्या पेरणीला आडवा येतो आणि चिखलात कुजून मिथेन सोडतो. तिथे त्याचा काही हिस्सा उचलून राख परत देण्याची सोय केली तर जमीन उजाड होईल, हे भाकीत टिकत नाही. ‘सगळे उचला’ आणि ‘काहीच उचलू नका’ यांच्यामध्ये जमिनीचा उतार, पोत आणि पाऊस उभे आहेत, आणि त्यांना डावलून केलेले कोणतेही विधान घोषणेपलीकडे जात नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. ‘कर्बतटस्थ’, म्हणजे जळताना सुटलेला कर्ब नवी वाढ पुन्हा शोषून घेते असे सांगणारा शब्द, इंधन विकणाऱ्यांनी इतका स्वस्त केला आहे की ऐकणाऱ्याला संशय यावा, हे स्वाभाविक आहे. यॉर्कशरमधील ड्रॅक्स वीज केंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांचा, मार्ग धरला आणि ती पेलेट मुख्यतः उत्तर अमेरिकेतून जहाजाने येऊ लागली, तेव्हा हा शब्द कागदावर पाळला गेला आणि जंगलांच्या बाबतीत मोठा वाद उभा राहिला. २०२१ मध्ये पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अनेक देशांच्या नेत्यांना पत्र लिहून जंगलाचे लाकूड विजेसाठी जाळण्याला विरोध केला. त्यांचा मूळ तर्क काळाचा होता: झाड आज जाळले तर त्यातला कर्ब पुन्हा बांधला जायला दशके लागतात. आता हाच तर्क तुसाला लावून पाहा. तूस जाळले नाही तर ते किती वर्षे कर्ब धरून ठेवेल? ढिगात कुजून किंवा उघड्यावर धुमसून ते थोड्याच काळात हवेत जाणार आहे. मग भट्टीत जाळून त्याच्या जागी तितका कोळसा वाचवला तर हवेला तोटा कोणता? लाकडाच्या पेलेटविरुद्धचा रास्त आक्षेप उचलून वर्षायू पिकाच्या टरफलांवर चिकटवणे ही वैचारिक आळशीपणाची खूण आहे. ‘तितका कोळसा वाचवला तर’ ही अट मात्र खरोखर पूर्ण व्हायला हवी. कांडी स्वस्त मिळते म्हणून एखाद्या कारखान्याने आणखी एक बॉयलर लावला आणि कोळसा पूर्वीइतकाच जाळला, तर तटस्थतेचा दावा संपतो.

धुराच्या प्रश्नावर दोन्ही पक्ष सारखेच चुकतात, कारण दोघेही धूर इंधनात शोधतात. धूर इंधनात जितका असतो तितकाच भट्टीत असतो. वनस्पतिजन्य इंधनात वायुरूप होऊन उडणारा भाग वजनाच्या ६५ ते ८० टक्के असतो, दगडी कोळशात तो बराच कमी. कोळसा जाळीवर पडून सावकाश धगधगतो. कांडी तापताच तिच्यातून वायूंचा लोंढा सुटतो आणि तो जाळीच्या वर, भट्टीच्या पोकळीत जळावा लागतो. तिथे वरून दुय्यम हवा सोडण्याची सोय नसेल तर तोच वायू अर्धवट जळून काळा धूर होतो. कोळशासाठी बांधलेल्या जुन्या भट्टीत कांड्या टाकून धुराड्याकडे बोट दाखवणारा मनुष्य आणि ‘हे स्वच्छ इंधन आहे’ असे छापील आश्वासन देणारा विक्रेता, दोघेही एकाच अज्ञानाचे बळी आहेत. गंधकाच्या बाबतीत कांडी कोळशापेक्षा निर्विवाद सरस आहे. धुळीच्या कणांच्या बाबतीत मात्र ती चांगली की वाईट हे हवेची रचना आणि चिमणीआधीची कापडी गाळणी ठरवते. उघड्या शेतातल्या धुमसत्या आगीला यातले काहीच बसवता येत नाही, म्हणून चांगल्या बॉयलरमध्ये जाळलेला तोच माल कितीतरी कमी धूर देतो. ‘जाळणे ते जाळणेच’ हे वाक्य इथे सपशेल खोटे ठरते.

याच कारणाने घरातल्या चुलीसाठी कांडी विकण्याच्या योजनांना माझा विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. साध्या चुलीत लाकडाऐवजी कच्ची कांडी घातली तर धूर फार कमी होत नाही. उलट घट्टपणामुळे ती पेटायला वेळ लावते आणि पेटेपर्यंत अधिक धुमसते. आधी कोळसवून मग स्टार्चने बांधलेल्या कांड्या धूर कमी करतात खऱ्या, आणि आफ्रिकेतील ज्या शहरांत स्वयंपाक लाकडी कोळशावर चालतो तिथे त्यांनी झाडे वाचू शकतात. पण त्यांचा विषारी कार्बन मोनॉक्साइड सुटतच राहतो, तो अदृश्य असतो, एवढेच. गॅस किंवा वीज देता येत असताना गरिबाच्या घरात सुधारित जळण पाठवणे म्हणजे त्याला जुन्याच धुरात थोड्या टापटिपीने बसवणे होय.

राखेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. भट्टीवाल्याला विचारा, तो आधी तिच्याबद्दलच बोलेल. लाकडात राख एखादा टक्का, मक्याच्या कणसात थोडी अधिक, तर तुसात १५ ते २० टक्के. पेंढ्याची राख नुसती जास्तच नाही, तिच्यात पालाश आणि क्लोरीन आहे. ती कमी तापमानाला वितळते, जाळीवर खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेले खडे, धरते, नळ्यांवर थर चढवते आणि गंज आणते. म्हणून सगळ्या कांड्या एका भावाने आणि एका नावाने विकणे हे ग्राहकाशी अप्रामाणिकपणाचे आहे. तुसाची राख ७०० अंशांखाली जळली तर तिच्यातली सिलिका अस्फटिक राहते आणि सिमेंटमध्ये मिसळायला उपयोगी पडते. भट्टी फार तापली की तीच स्फटिकरूप होते, आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. एकच अवशेष, एकच कांडी, आणि केवळ तापमानावर एकीकडे बांधकामाचा माल तर दुसरीकडे कामगाराचा आजार.

राहिला शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा मुद्दा. भाषणांत तो पहिला येतो, हिशेबात शेवटचा. शेतातल्या पेंढ्याची किंमत मुख्यतः तो गोळा करण्याच्या श्रमात असते, त्यामुळे पैसा बेलर आणि ट्रक ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे जातो. शिवाय ज्याला आपण कचरा म्हणतो तो बहुधा कोणाचा तरी चारा, कोणाचे छप्पर, कोणाचे फुकटचे सरपण असतो. कारखान्याची मागणी आली की त्याला भाव येतो आणि जमीन नसलेल्या पशुपालकाला तो परवडेनासा होतो. बाजार वाढला की हे होणारच, असे कोणी म्हणेल. पण मग निदान त्याला ‘कचऱ्यातून संपत्ती’ म्हणू नये. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली संपत्ती असते.

मग सार्वजनिक पैसा कोठे घालावा? आजवरची रीत यंत्राच्या किमतीवर अनुदान देण्याची आहे, कारण यंत्राची पावती असते आणि उद्घाटनाचा फोटो निघतो. भारताने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के पेलेट मिसळण्याचे बंधन घालून मागणीकडून सुरुवात केली. दिशा बरोबर होती, तरी पहिल्या काही वर्षांत प्रत्यक्ष मिश्रण त्या टक्केवारीच्या बरेच मागे राहिले, कारण माल गोळा करणारी, वाळवणारी आणि साठवणारी मधली फळी उभी नव्हती. छप्पर असलेले वाळवणीचे ओटे, आगीपासून अंतर राखून रचलेली गोदामे, ओलावा मोजून त्यानुसार भाव देणारा वजनकाटा, छोट्या कारखान्यांच्या जुन्या भट्ट्यांना दुय्यम हवेची जोडणी, ही कामे अनुदानाच्या यादीत आली तर दाबयंत्र बाजारातून आपोआप विकत घेतले जाईल. दर कांडीवर अवशेषाचे नाव, ओलावा आणि राखेचे प्रमाण छापणे सक्तीचे असावे. शेतातून उचललेल्या पेंढ्याची कांडी जाळणाऱ्याने तिची राख ठरावीक अंतराच्या आतल्या शेतांना परत पोहोचवावी, आणि उताराच्या व हलक्या जमिनींवरून उचल करण्यावर बंदी असावी. आणि राख कोठे जाते याची नोंद न ठेवणाऱ्या बॉयलरला हरित इंधनाचे कोणतेही प्रमाणपत्र देऊ नये, कारण तिथे जाळलेल्या दर शंभर टन तुसामागे पंधरा ते वीस टन राख कोणाच्या तरी ओढ्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला पडलेली असते.